पै-आण्यापासून नव्या पैशापर्यंत : डॉ. चिंतामणराव देशमुख

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या पेढ्यांवर आजही नवी वही मांडली जाते. लाल कापडी पुठ्ठ्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, पहिल्या पानावर श्रीकार लिहिला जातो, विड्याच्या पानावर सुपारी ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी दुकान उघडते आणि व्यवहाराची नोंद मात्र संगणकात होते. वहीचे पहिले पान तेवढे भरते, बाकीची पाने वर्षभर कोरी राहतात. आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली आज चार्टर्ड अकाउंटंट आहेत. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला, विवरणपत्रे संगणकावरून भरली जाऊ लागली, आणि ज्यांनी उभा जन्म रोजमेळ व खतावणी लिहिण्यात घालविला त्या वडीलधाऱ्या मंडळींना हे सर्व एकाएकी कोसळल्यासारखे वाटले. साधन बदलले की हिशेबावरचा विश्वास कोणी आणि कसा टिकवायचा, हा प्रश्न मग घरोघरी निघतो.

हा प्रश्न आपल्या पिढीला प्रथमच पडला आहे असे नाही. १९४५ ते १९५७ या बारा वर्षांत या देशातील हिशेबाची रीत जितकी बदलली तितकी त्यापूर्वी शंभर वर्षांत बदलली नसेल. नाणे बदलले, मापे बदलण्याचा कायदा झाला, कंपन्यांचे ताळेबंद कसे मांडावेत ते ठरले, हिशेब तपासनिसांचा व्यवसाय कायद्याने उभा राहिला, एका देशाची तिजोरी दोन देशांत वाटली गेली, आणि याच काळाच्या अखेरीस आकडेमोड करणारे पहिले विद्युत यंत्र भारतात आले. यातील बहुतेक घडामोडींच्या केंद्रस्थानी किंवा अगदी जवळ एक कोकणी गृहस्थ उभे होते. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जगाने त्यांना सी. डी. देशमुख म्हणून ओळखले.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरात, महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत, आईचे नाव भागीरथीबाई. घराणे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. लेखणी आणि दप्तर या ज्ञातीच्या परंपरेतच होते, हे कोकणातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १९१५ मध्ये केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्र किंवा वाणिज्य घेतले नाही. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते, आणि वनस्पतिशास्त्रात त्यांनी पारितोषिकही मिळविले. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले.

म्हणजे ज्या गृहस्थाच्या हाती पुढे देशाच्या जमाखर्चाच्या चाव्या आल्या, त्याने खतावणी कधी लिहिली नव्हती, मुनीमगिरी कधी केली नव्हती. हिशेब ते शिकले मध्य प्रांत व वऱ्हाडातील वीस वर्षांच्या नोकरीत. उपायुक्त म्हणून, जमीन बंदोबस्ताचे अधिकारी म्हणून आणि पुढे प्रांताचे वित्त सचिव म्हणून त्यांनी काम केले. बंदोबस्ताच्या कामात गावोगाव फिरून जमिनीचा कस, पीक आणि सारा यांचा मेळ घालावा लागतो. कागदावरचा आकडा आणि बांधावरची वस्तुस्थिती यांत किती अंतर पडू शकते, हे त्या कामात जितके कळते तितके कचेरीत बसून कळत नाही. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिवांपैकी एक म्हणून काम पाहिले. १९३५ च्या कायद्यानंतर प्रांत आणि केंद्र यांच्यात पैशांची वाटणी ठरविण्यासाठी सर ओटो नीमायर आले, तेव्हा आपल्या प्रांताची बाजू मांडणारे टिपण चिंतामणरावांनी तयार केले आणि त्याची वाखाणणी झाली.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक तेव्हा अवघी चार वर्षांची होती. काही महिन्यांतच ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि गव्हर्नर सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. नोटेवर गव्हर्नर म्हणून भारतीय माणसाची सही प्रथम उमटली ती त्यांची.

त्या सहीमागे काय जबाबदारी होती हे आपल्या व्यापारी वाचकांना लवकर कळेल. नोट म्हणजे बँकेने दिलेली हुंडीच. रिझर्व्ह बँकेचे हिशेब दोन खात्यांत असतात : नोटा काढणारे खाते वेगळे आणि बँकिंगचे खाते वेगळे. किती नोटा बाहेर आहेत आणि त्यांच्या पाठीशी किती सोने, किती परदेशी रोखे, किती रुपये आहेत याचा पत्रक बँकेला दर आठवड्याला प्रसिद्ध करावा लागे. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकार भारतात रुपयांत खर्च करी आणि त्याच्या मोबदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंग जमा होई. त्या जमेवर येथे नोटा निघत. युद्ध संपेपर्यंत चलनातील नोटा सुमारे सहा पटींनी वाढल्या आणि लंडनमधील शिल्लक १,७०० कोटी रुपयांच्या घरात गेली. वहीत जमा दिसत होती, बाजारात महागाईने माणसे होरपळत होती. बंगालमध्ये १९४३ मध्ये लाखो लोक अन्नावाचून मेले. ताळेबंद जुळला म्हणजे व्यवहार ठीक आहे असे नव्हे, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. युद्धखर्चाचे धोरण चिंतामणरावांच्या हाती नव्हते, पण नोटांवर सही त्यांची होती, हेही विसरून चालणार नाही. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे झालेल्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळात ते होते आणि ही स्टर्लिंगची येणी बुडू नयेत यासाठी भारताने तेथे जोर लावला.

त्यांच्या कारकिर्दीचा आणखी एक भाग फारसा बोलला जात नाही. १९४५ मध्ये बँकेत संशोधन व सांख्यिकी विभाग स्थापन झाला. जानेवारी १९४७ पासून बँकेचे मासिक पत्र निघू लागले. ३० जून १९४८ या दिवशी देशाचे परदेशांत काय येणे आहे आणि देणे काय आहे, याची पहिली गणती बँकेने केली. त्यापूर्वी ही माहिती ज्याच्या त्याच्या दप्तरात पडून असे. आकडे गोळा करून, तपासून, सर्वांना वाचता येतील असे छापणे ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर जे काम अंगावर आले त्याला तोड नाही. एकत्र कुटुंब विभक्त होताना भांडीकुंडी वाटण्यावरून काय प्रसंग उद्भवतात हे आपण जाणतो. येथे दोन देश विभक्त होत होते आणि रक्तपात चालू असताना हिशेब करावयाचा होता. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक उभी राहीपर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे काम पाहावे असे ठरले. १ एप्रिल १९४८ पासून भारतीय नोटांवरच पाकिस्तान सरकारचे नाव छापून त्या तेथे काढल्या गेल्या. पाकिस्तानातून परत आलेल्या भारतीय नोटांच्या प्रमाणात बँकेच्या मालमत्तेचा वाटा त्या देशाकडे जावयाचा होता. सरकारी शिलकेतून पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी रुपये ठरले होते. त्यातील २० कोटी आधी दिले गेले, ५५ कोटी काश्मीरच्या संघर्षामुळे अडले आणि महात्मा गांधींच्या उपोषणाच्या वेळी जानेवारी १९४८ मध्ये ते देण्याचा निर्णय झाला. हा निर्णय राजकीय होता. पण दोन शत्रुवत सरकारांचे खाते एकाच पेढीवर असताना त्या पेढीच्या मुख्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना केलेली बरी. ३० जून १९४८ रोजी ही जोडव्यवस्था संपली आणि दुसऱ्या दिवशी कराचीत स्वतंत्र बँक सुरू झाली.

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. युद्धकाळात गल्लोगल्ली निघालेल्या बँकांपैकी अनेक बुडाल्या होत्या आणि ठेवीदार देशोधडीला लागले होते. आता प्रत्येक बँकेला ठरावीक नमुन्यात ताळेबंद मांडणे, तो तपासून घेणे आणि रिझर्व्ह बँकेच्या निरीक्षकांपुढे दप्तर उघडणे बंधनकारक झाले. चिंतामणरावांची गव्हर्नरपदाची मुदत ३० जून १९४९ रोजी संपली. योगायोग असा की त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै १९४९ रोजी, चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा लागू होऊन दिल्लीची इन्स्टिट्यूट अस्तित्वात आली. मुंबईचे जी. पी. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले. तोवर हिशेब तपासणाऱ्यांची नोंदणी सरकार ठेवीत असे. आता या व्यवसायाने आपली शिस्त आपणच राखावी असे ठरले. आपली मुले १ जुलैला ‘सी.ए. दिन’ साजरा करतात तो याच दिवसाच्या स्मरणार्थ.

१ जून १९५० रोजी चिंतामणराव केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे स्वतःच्या जन्मभूमीतून, ते लोकसभेवर निवडून आले. सहा वर्षांच्या त्या कारकिर्दीतील सर्वच गोष्टी येथे सांगणे शक्य नाही. आपल्या विषयाशी ज्यांचा संबंध आहे तेवढ्याच घेतो.

पहिली गोष्ट कंपनी कायद्याची. सी. एच. भाभा यांच्या समितीचा अहवाल १९५२ मध्ये आला आणि पुढल्याच वर्षी चिंतामणरावांनी संसदेत विधेयक मांडले. १ एप्रिल १९५६ रोजी लागू झालेल्या या कायद्यात ६५८ कलमे होती. एवढा लठ्ठ कायदा वाचणार कोण, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच चुकीची होती असे म्हणवत नाही. पण या कायद्याने कंपनीने कोणत्या वह्या ठेवल्या पाहिजेत, ताळेबंद कोणत्या नमुन्यात मांडला पाहिजे, तपासनीस कोणी नेमायचा आणि त्याला कोणते कागद पाहण्याचा हक्क आहे, हे सारे बांधून दिले. पूर्वी कंपन्यांचा कारभार मॅनेजिंग एजंट म्हणविणाऱ्या घराण्यांच्या हाती असे आणि भागधारकांच्या पदरी काय पडेल ते पडे. त्या पद्धतीवर या कायद्याने लगाम घातला. तपासनीस हा मालकाचा माणूस नसून ज्यांचा पैसा गुंतला आहे त्यांच्या वतीने आलेला साक्षीदार आहे, ही जाणीव येथून रुजली.

दुसरी गोष्ट बँकेच्या शाखांची. ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी ए. डी. गोरवाला यांच्या समितीने केली, तिच्यात धनंजयराव गाडगीळही होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत जाऊन केलेल्या या पाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला, आणि त्याच्या आधारे १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन कायद्यानेच घातले गेले आणि ते मुदतीत पार पडले. ज्या कोकणाचा संसार मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चाले, त्याला बँकेचे पासबुक दिसू लागले ते या वाटेने.

आणि तिसरी गोष्ट नाण्याची. येथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातावर सर्वांत मोठा परिणाम तिचा झाला.

जुन्या पेढ्यांच्या माळ्यावरील वह्या ज्यांनी उघडून पाहिल्या असतील त्यांना आठवेल की त्यांत रुपयापुढे उभे दंड दिले जात. एक दंड म्हणजे पाव रुपया, दोन दंड म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा आणे. एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै. एका आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. शाळेत मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत ती याच हिशेबासाठी. मालवणच्या पेठेत बसलेला चांगला दिवाणजी खंडीचा भाव ऐकून पायलीची किंमत आण्या-पैंत तोंडी सांगे, आणि ती सहसा चुकत नसे. हे कौशल्य साधे नव्हते. त्याच्यावर कित्येकांची चूल पेटत होती.

१९५५ मध्ये, चिंतामणराव अर्थमंत्री असताना, नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रुपयाचे १०० भाग करावेत असे ठरले. १९४६ मध्येही असा प्रयत्न झाला होता, पण तो मागे पडला होता. कायदा झाला १९५५ मध्ये आणि अंमल सुरू झाला १ एप्रिल १९५७ पासून. मधले दीड वर्ष तयारीसाठी दिले होते. जुनी नाणी एकदम रद्द झाली नाहीत, नव्यांबरोबर ती चालत राहिली. नव्या नाण्याला ‘नया पैसा’ म्हणावे असे ठरले, म्हणजे जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये. ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गळला.

अडचण होती ती रूपांतराची. चार आण्यांचे २५ नये पैसे आणि आठ आण्यांचे ५० हे सरळ होते. पण एका आण्याचे होतात सव्वासहा. सव्वासहा नये पैसे कोणी कोणाला कसे द्यावेत? नियम असा झाला की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा आणि अर्ध्याहून अधिक असेल तर पूर्ण नया पैसा धरावा. त्यानुसार एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९ नये पैसे झाले. आता गंमत पाहा. एखाद्या गिऱ्हाईकाने रोज एका आण्याचे मीठ सोळा दिवस नेले, तर जुन्या हिशेबाने त्याचा रुपया होतो, नव्याने ९६ नये पैसे. दुकानदाराचे चार पैसे गेले. उलट त्याने आण्याला सातचा भाव लावला तर गिऱ्हाइकाचे बारा गेले. रक्कम क्षुल्लक, पण शंका मोठी. वाणी आपल्याला नव्या पैशात लुबाडतो, असा संशय एकदा आला की पिढ्यांची पत जाते. म्हणून ज्याला पत राखायची होती त्याने आधी सारी रक्कम आण्यांत बेरीज करून अखेरीसच एकदा रूपांतर करावे, हाच सचोटीचा मार्ग होता.

अपूर्णांकांच्या पाढ्यांत मुरलेल्या दिवाणजींना हा बदल अपमानासारखा वाटला असल्यास नवल नाही. दशमान पद्धतीत जे शाळकरी पोराला कागदावर जमते त्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. पण दहाच्या पटीत हिशेब आल्यावर बेरजेची यंत्रे आणि पुढे संगणक यांचा मार्ग मोकळा झाला, हेही खरे. पाठोपाठ १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा होऊन १९५८ पासून किलो आणि मीटर टप्प्याटप्प्याने आले. शेर, मण आणि पायली बोलण्यात उरली, वहीतून गेली.

या बदलाच्या दुसऱ्या टोकाशीही चिंतामणरावांचा संबंध होता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९४५ पासून १९६४ पर्यंत अध्यक्ष होते. प्रशांतचंद्र महालनोबीस हे तिचे संस्थापक आणि सर्वेसर्वा. देशाचे एकूण उत्पन्न किती, हे मोजण्यासाठी १९४९ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महालनोबीस होते आणि गाडगीळ तिचे सदस्य. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. गावोगावच्या घरांतून गोळा केलेली ही माहिती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर घेऊन यंत्रांतून वेचली जाई. १९५६ मध्ये याच संस्थेत ब्रिटनमध्ये बनलेला एचईसी-२एम हा संगणक चालू झाला. भारतातील तो पहिला. दोन वर्षांनी रशियन बनावटीचा उराल आला.

आता १९५६ च्या जानेवारीकडे येऊ. आयुर्विमा धंदा सरकारने ताब्यात घ्यावा असे गुप्तपणे ठरले होते. देशात तेव्हा देशी-परदेशी विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था होत्या. काहींचे व्यवहार चोख, काहींचे संशयास्पद. आधी बोभाटा झाला असता तर दप्तरे जशीच्या तशी राहिली असती का, हा प्रश्न होताच. १९ जानेवारीला वटहुकूम निघाला आणि चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून तो देशाला सांगितला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. २४५ संस्थांची खाती, पॉलिस्या आणि हप्त्यांची पत्रके एका साच्यात आणणे हे वर्षानुवर्षांचे काम होते. याच महामंडळात १९६० च्या दशकात संगणक आणण्याचे ठरले तेव्हा नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांनी जोराचा लढा दिला. नव्या नाण्याच्या वेळी दीड वर्षाची सवड मिळाली होती. संगणकाच्या वेळी माणसांशी आधी बोलणे किती झाले, असे विचारावेसे वाटते. आणि नियम कितीही नेटके केले तरी माणूस वाकला तर काय होते, हेही लवकरच दिसले. महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचे प्रकरण १९५७ अखेरीस संसदेत गाजले, न्या. छागला यांच्यापुढे चौकशी झाली आणि तेव्हाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

चिंतामणराव त्यापूर्वीच बाहेर पडले होते. आकाशवाणीवर विम्याची घोषणा झाली त्याच आठवड्यात मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले आणि मुंबई पेटली. पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. मराठी मंत्री म्हणून चिंतामणरावांपुढे प्रश्न उभा राहिला आणि त्यांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधानांच्या आग्रहावरून ते थांबले. फेब्रुवारीअखेर त्यांनी अंदाजपत्रकही मांडले. काही जणांना हे थांबणे खटकले आणि त्यांच्यावर टीका झाली. पण एका मोठ्या खात्याचा वर्षाचा हिशेब अर्धवट टाकून जाणे त्यांच्या वृत्तीत बसणारे नव्हते, असे मला वाटते. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही आणि मुंबईचा निर्णय बदलत नाही असे दिसल्यावर जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत त्यांनी आपली कारणे स्पष्टपणे मांडली. सत्तेतील माणसाने सही मागे घेणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. मालवण-वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला त्यातून जे बळ मिळाले ते जुन्या मंडळींच्या आठवणीत दीर्घकाळ राहिले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

पुढील आयुष्य त्यांनी मुख्यतः शिक्षणाला दिले. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये त्यांना शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी उच्चस्तरीय कायम न्यायासन असावे, असे त्यांनी जाहीरपणे सुचविले आणि सत्ताधाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली, तीत ते तिसरे आले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पहिल्या पत्नी रोझिना यांच्या निधनानंतर १९५३ मध्ये त्यांनी समाजसेविका व संविधान सभेच्या सदस्या दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला होता. दोघांनी मिळून उभे केलेले सामाजिक काम हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आकड्यांत आयुष्य गेले तरी शाळेत जडलेले संस्कृतचे वेड सुटले नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले, गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत बांधली. बागकामाचा नाद केंब्रिजच्या दिवसांपासून होता, तोही शेवटपर्यंत राहिला.

दुर्गाबाई मे १९८१ मध्ये गेल्या. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला रत्नागिरीतून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला होता. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले. कुलाबा जिल्ह्याचे नाव तोवर रायगड झाले होते. त्या जिल्ह्यातील रोह्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले आहे. ज्यांनी आणा कधी पाहिला नाही अशी मुले तेथे जमाखर्च शिकतात.